बर्फाखालून बुरशी निघाली? ओंटारिओतल्या नव्या घरमालकांसाठी लॉनचं मार्गदर्शन

मिल्टन, ब्रॅम्प्टन, किचनर, बॅरी, कुठेही असा. ओंटारिओत घर घेतल्यावरचा पहिला हिवाळा सरत येतो, मार्चअखेरीस ड्राइव्हवेच्या कडेचा ढीग खचायला लागतो आणि खालून निघालेलं गवत काही हिरवं नसतं. ते चपटं, फिकट आणि एकमेकांना चिकटलेलं असतं. त्यात वाटोळे डाग, आणि सकाळी सकाळी पाहिलं तर डागांवर पांढुरकं जाळं. इथे याला स्नो मोल्ड म्हणतात.

मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो आणि खाली प्रश्न येतो, "काय फवारू?" उत्तर आत्ताच सांगून टाकतो: काही नाही. मार्चमध्ये जे दिसतं ते बर्फाखाली आधीच उरकलेलं काम असतं. बुरशी थांबवायची असेल तर ती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये थांबवावी लागते, आणि तीही औषधाने नाही. पण तुम्ही हे बहुधा मार्च-एप्रिलमध्येच वाचत असणार, कारण त्याआधी कुणालाही लॉनची आठवण होत नाही. म्हणून सुरुवात वसंतातल्या डागडुजीपासून करू आणि मग फॉलकडे जाऊ.

हे होतं कसं

इथल्या लॉनवर मुख्यतः दोन बुरश्या येतात. करडी ती टायफुला कुळातली, गुलाबी ती मायक्रोडोकियम निवाले. बहुतेक बुरश्या गप्प बसतात अशा शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीत या दोघी मजेत वाढतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ पडला की मातीतली ऊब आत अडकते. खाली अंधार, ओल, वारा नाही. अंधारात गवताला अन्न तयार करता येत नाही, साठवलेल्या साखरेवर ते दिवस काढतं आणि अशक्त होत जातं. अशा वेळी बुरशीला दुसरा कुणी स्पर्धकही नसतो.

करड्या बुरशीला बर्फाचं सलग आच्छादन लागतं, साधारण ६० दिवस किंवा त्याहून जास्त. गुलाबीला बर्फ लागतच असं नाही. ० ते ८ अंश तापमान आणि सततची ओल तिला पुरते. म्हणून बॅरी, ऑटावा, सडबरी अशा सलग बर्फाच्या भागांत करडीची भीती जास्त. टोरोंटोच्या आसपास बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो; तिथे पावसाळी डिसेंबरातही गुलाबी डाग दिसू शकतात. (इंग्लंडमध्ये किंवा सिएटलकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी "आमच्याकडे तर बर्फच नाही" म्हणून निर्धास्त राहू नये ते याचमुळे.)

करडी बुरशी उन्हाळा कडक दाण्यांच्या रूपात गवताच्या बुडाशी पडून काढते. फॉलमध्ये थंडी आणि ओल एकत्र आली की हे दाणे जागे होतात. एप्रिल-मेमध्ये ती तशीही झोपायच्या तयारीत असते, तेव्हा तिच्यावर औषध मारणं म्हणजे पैसे मातीत.

काय काय लागेल

- लीफ रेक. लांब, लवचिक दात्यांचा, पंख्यासारखा पसरलेला. लोखंडी, आखूड दात्यांचा गार्डन रेक वेगळा. तो या कामाला नको.
- बर्फाचं फावडं. ते तुमच्याकडे असणारच.
- खुरपं किंवा जुनी सुरी. भारतातून आणलेलं खुरपं असेल तर उत्तम, इथल्या ट्रॉवेलपेक्षा धार बरी असते.
- हातमोजे आणि मास्क. बुरशीचे कण उडतात. दमा किंवा ॲलर्जी असेल तर मास्क टाळू नका.
- यार्ड वेस्टच्या कागदी पिशव्या, आणि तुमच्या शहराचं कचऱ्याचं कॅलेंडर. हिवाळ्यात यार्ड वेस्टची गाडी बंद असते आणि वसंतात कधी सुरू होते ते शहरागणिक बदलतं. बऱ्याच ठिकाणी वाळकी पानं घेतात पण कापलेलं गवत घेत नाहीत, तेही बघून ठेवा.
- घराच्या कागदपत्रांतला सर्व्हे, म्हणजे प्लॉटच्या मोजमापांचा नकाशा. खरेदीच्या वेळी वकिलाने दिलेल्या फाइलमध्ये बहुतेकदा असतो. त्यावरून लॉनचं क्षेत्रफळ काढता येतं. खत अंदाजाने टाकायचं नाही, त्यासाठी हा आकडा हवा.
- बी, कंपोस्ट, खत. यातलं काहीही मार्चमध्ये विकत घेऊ नका.

१. डाग कसला आहे ते आधी ठरवा

मार्चमधला प्रत्येक पिवळा डाग बुरशीचा नसतो. ड्राइव्हवे किंवा फुटपाथच्या कडेने सरळ पट्टा करपला असेल तर ते मिठाचं काम. वाटोळा वाळका डाग आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर कुत्रं येऊन गेलं, तुमचं किंवा शेजाऱ्याचं. नागमोडी, बोटभर रुंदीच्या वाटा कुरतडलेल्या दिसल्या तर व्होल, म्हणजे बर्फाखालून फिरणारे उंदरासारखे प्राणी. मूठभर गवत ओढल्यावर मुळांशिवाय सहज सुटून हातात येत असेल किंवा स्कंक आणि रॅकून रात्री येऊन लॉन उकरत असतील, तर खाली ग्रब म्हणजे हुमणीच्या जातीच्या अळ्या असू शकतात. त्यांचा उपाय वेगळा.

स्नो मोल्डचे डाग वाटोळे असतात, पुढे एकमेकांत मिसळून वेडेवाकडे होतात. पाती ओली, चपटी, चिकटलेली. यातही करडी की गुलाबी हे पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

करड्या बुरशीचा डाग काही सेंटीमीटरपासून अर्धा मीटरपर्यंत मोठा होतो. जाळं पांढरं-राखाडी. पाती हातात घेऊन नीट पाहिलीत तर त्यांवर आणि बुडाशी खसखशीपासून मोहरीपर्यंतच्या आकाराचे काळे किंवा तांबूस-तपकिरी दाणे चिकटलेले दिसतील. दाणे सापडले की ओळख पक्की.

गुलाबीचा डाग बहुधा लहान असतो, तळहाताएवढा. कडेला गुलाबी किंवा तांबूस छटा, उन्हात ती आणखी स्पष्ट होते. दाणे नसतात. करडी सहसा पाती खाऊन थांबते, गुलाबी मात्र बुंध्यापर्यंत उतरू शकते. तेव्हा गुलाबी असेल तर थोडं बी पेरावं लागेल हे मनात धरून चला.

जाळं उन्हावाऱ्याने काही दिवसांतच वाळून नाहीसं होतं. म्हणून दिसलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, जवळून एक आणि दुरून एक. कोणता डाग लॉनच्या कुठल्या भागात आहे हे दुरून काढलेल्या फोटोतच कळतं, आणि फॉलमध्ये त्याचाच उपयोग होतो.

२. लॉनवर पाय ठेवू नका

ही सगळ्यात अवघड पायरी, कारण पहिला उबदार शनिवार आला की सगळी गल्ली रेक घेऊन बाहेर पडते. वरचा बर्फ वितळला तरी खाली काही सेंटीमीटरवर माती गोठलेली असते. पाणी खाली मुरत नाही, वरची माती चिखल होते. त्यावर चाललात तर माती दबते, दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच पाणी साचतं.

कडेला उभं राहून एक पाऊल टेकवून पाहा. बुटाचा ठसा उमटून त्यात पाणी आलं तर घरात जा, चहा प्या. ठसा न उमटता माती पायाखाली टणक लागली की सुरू करा. टोरोंटोच्या आसपास हे साधारण एप्रिलच्या सुरुवातीपासून मध्यापर्यंत होतं, उत्तरेकडे त्याहून उशिरा.

तोवर एक काम ड्राइव्हवेवर उभं राहून करता येतं. बर्फाचा ढीग अजून शिल्लक असेल तर फावड्याने फोडून आजूबाजूला पातळ पसरवा. सगळ्यात शेवटी वितळणाऱ्या ढिगाखालीच बुरशी जास्त दिवस जगते. ढीग आठवडाभर लवकर गेला तरी फरक पडतो.

३. हलक्या हाताने रेक फिरवा

हेतू एकच: चिकटलेली पाती मोकळी करायची, म्हणजे बुडाशी वारा आणि ऊन जाईल. ओढून गवत उपटायचं नाही. लीफ रेक जवळजवळ तरंगता धरून एका दिशेने फिरवा, मग आडवा. मेलेली पाती निघून येतील, तेवढी पुरे.

गोळा झालेला कचरा यार्ड वेस्टच्या पिशवीत घाला. घरच्या कंपोस्टच्या डब्यात नको. करड्या बुरशीचे दाणे तिथे सहज टिकून राहतात, कारण घरचा ढीग तेवढा तापत नाही. आणि डाग रेक करून झाल्यावर रेक धुऊन वाळवा.

आता काही लोक पॉवर रेक किंवा डीथॅचर (बुडाचा मेलेला थर खरवडून काढणारी यंत्रं) भाड्याने आणतात आणि एप्रिलमध्ये पूर्ण लॉन खरवडून काढतात. नुकतंच आजारातून उठलेलं गवत त्याने मुळासकट जातं. दारावर येणारा माणूस "स्प्रिंग डीथॅचिंग" स्वस्तात देतो म्हणाला तरी नम्रपणे नको म्हणा.

४. थांबा, आणि बुंधा पाहा

रेक केल्यावर दोन-तीन आठवडे काही करायचं नाही. पाणी नको, खत नको, वरून माती नको. डाग अजूनही कुरूप दिसेल. शेजाऱ्याचं लॉन तोवर हिरवंगार झालेलं असेल, त्याकडे पाहू नका.

या काळात एकदा डागातली दोन-चार रोपं खुरप्याने मुळासकट काढा. पाती आणि मूळ जिथे जुळतात तो बुंधा बोटांनी दाबून पाहा. पांढरट-हिरवा आणि टणक असेल तर रोप जिवंत आहे, नवीन पाती येतील. तपकिरी, मऊ, कुजका वाटला तर गेलं. करड्या बुरशीत बहुतेक रोपं वाचतात. इथल्या बिल्डरने घातलेलं सॉड, म्हणजे गुंडाळीत येणारं तयार गवत, बहुतेक केंटकी ब्लूग्रासचं असतं आणि ते जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी आजूबाजूला पसरतं, त्यामुळे लहान डाग उन्हाळा लागेपर्यंत आपोआप भरून निघतात.

५. मेलेल्या जागीच बी टाका

मेच्या सुरुवातीपर्यंत हिरवं न झालेलं जेवढं, तेवढंच बी टाकायचं. मातीचं तापमान १० अंशांच्या वर गेल्याशिवाय बी उगवत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला टाकलेलं बी पक्षी खातात.

मेलेलं गवत खरवडून माती मोकळी करा, पातळ कंपोस्ट पसरा, बी टाका, पायाने हलकं दाबा. बिया एकमेकींवर रचल्या जाऊ नयेत. माती सतत ओली ठेवा पण चिखल नको: दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी. पेरेनियल रायग्रास ५ ते १० दिवसांत वर येतं, फेस्क्यू १ ते २ आठवड्यांत, केंटकी ब्लूग्रासला २ ते ४ आठवडे लागतात. पाकिटात मिश्रण असतं, तेव्हा आठवड्यात जे उगवलं ते रायग्रास. बाकीचं बी वाया गेलं असं समजून पाणी बंद करू नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात नवे लोक हमखास पडतात. तणनाशकांवर बंदी असल्यामुळे दुकानांत कॉर्न ग्लूटन मील मिळतं, डँडेलियनवर चालतं म्हणून लोक ते एप्रिलमध्ये टाकतात. ते काम करतं ते बी रुजू न देण्याचं. तणाचं बी आणि तुमचं गवताचं बी यात त्याला फरक कळत नाही. ते टाकल्यावर पाच-सहा आठवडे तरी पेरणी करू नका. पेरायचं ठरलं असेल तर त्या वसंतात कॉर्न ग्लूटन विसरा. मोठं क्षेत्र गेलं असेल तर मेमध्ये जुजबी भरून घ्या आणि खरी पेरणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत करा. माती गरम, हवा थंड, तण कमी. गवतासाठी यासारखे दिवस नाहीत.

६. औषधाचं काय

ओंटारिओत २२ एप्रिल २००९ पासून केवळ शोभेसाठी कीटकनाशकं, तणनाशकं आणि बुरशीनाशकं वापरण्यावर बंदी आहे. घराचं लॉन त्यात येतं. गोल्फ कोर्सना अटींसह सूट आहे, म्हणून "गोल्फवाले तर मारतात" हे खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. आणि गोल्फवालेसुद्धा बर्फ पडण्याआधी, फॉलच्या शेवटी मारतात. मार्चमध्ये डाग दिसल्यावर नाही.

माझे सासरे सांगलीकडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. इथे आले तेव्हा त्यांनी डाग पाहून पहिला प्रश्न केला तो मोरचूद कुठे मिळेल हा. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षावर चालतं हे खरं, पण तेसुद्धा रोग दिसायच्या आधी पानावर थर बसावा म्हणून मारतात. हे त्यांनाच पटवून द्यावं लागलं नाही. "मग हे ऑक्टोबरातच बघायला हवं होतं," ते म्हणाले आणि रेक हातात घेतला.

मोजकी कमी-जोखमीची द्रव्यं बंदीतून वगळलेली आहेत, पण मार्चच्या डागावर त्यातलं काही मारून गवत लवकर बरं होत नाही. दुकानात काहीही विकत घेताना लेबलवर कॅनडाचा पीसीपी (पेस्ट कंट्रोल प्रॉडक्ट्स) नोंदणी क्रमांक पाहा. बफेलोला खरेदीला गेलात तर तिथल्या शेल्फवरचं लॉनचं बुरशीनाशक स्वस्त दिसेल. ते इथे आणून मारणं बेकायदा आहे. लॉन केअर कंपनीचा माणूस "फंगस ट्रीटमेंट" विकत असेल तर द्रव्याचं नाव आणि पीसीपी क्रमांक लेखी मागा. बहुधा संभाषण तिथेच संपतं.

व्हिडिओंमध्ये सांगितलेले व्हिनेगर, ब्लीच, खाण्याचा सोडा हे प्रयोग नकोत. व्हिनेगर आणि ब्लीच गवतच मारतात. हळदही टाकून पाहिलेले लोक मला माहीत आहेत. लॉन पिवळं होतं, एवढंच.

७. सप्टेंबर: बुडाची गादी मोजा, माती टोचा

इथून खरं काम सुरू होतं. मार्चमध्ये काढलेले दुरून घेतलेले फोटो आता उघडा.

जिथे डाग होते तिथे खुरप्याने त्रिकोणी तुकडा कापून वर काढा. हिरवं गवत आणि माती यांच्यामध्ये तपकिरी, तंतुमय थर दिसेल, तो थॅच. १ सेंटीमीटरपर्यंत ठीक, उलट थोडा असलेला बरा. सव्वा सेंटीमीटरच्या वर गेला तर तो पाणी धरून ठेवतो आणि बुरशीचे दाणे त्यात मुक्काम करतात. डीथॅचर भाड्याने आणायचा तर आत्ता, म्हणजे गवताला सावरायला निदान महिना मिळतो.

नव्या सबडिव्हिजनमधल्या घरांचं दुखणं वेगळं असतं. तिथे थॅच क्वचितच असतो, पण बांधकामाच्या यंत्रांनी दाबलेली चिकण माती आणि तिच्यावर पातळसा सुपीक थर टाकून सॉड अंथरलेलं असतं. पाणी मुरायला जागाच नाही. अशा लॉनला दर सप्टेंबरमध्ये कोअर एरेशन करा. मातीच्या बोटभर कांड्या उपसून बाहेर टाकणारं यंत्र हवं. खिळ्यांचे बूट मिळतात, ते घेऊ नका. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून यंत्र एका दिवसासाठी भाड्याने आणलं तर खर्च वाटला जातो. ते जड असतं, उचलायला तशीही दोन माणसं लागतात. निघालेल्या कांड्या तिथेच वाळू द्या. वरून पातळ कंपोस्ट आणि बी टाकायला हीच वेळ.

पाण्याचा मार्गही पाहून घ्या. छपराच्या डाउनस्पाउटचं किंवा सम्प पंपाचं (तळघरातून उपसलेलं) पाणी थेट लॉनच्या खोलगट भागात पडत असेल तर पाइप वाढवून पाणी पुढे न्या. दोन घरांमधला उथळ चर, म्हणजे स्वेल, ओला राहतो आणि तिथेच बुरशी धरते. म्हणून तो माती टाकून सपाट करायचा मोह होतो. करू नका. तो मंजूर ग्रेडिंगचा भाग असतो, भरलात तर पाणी शेजाऱ्याच्या तळघराकडे वळेल आणि नगरपालिकेची नोटीस तुमच्याकडे.

८. खत वेळेवर थांबवा

बुरशीला सगळ्यात जास्त मदत करतं ते उशिरा टाकलेलं झटपट नत्र. ऑक्टोबरमध्ये भरपूर नत्र मिळालं की गवत लुसलुशीत, पाणीदार पाती काढतं. ती थंडीला तयार होत नाहीत आणि बर्फाखाली पहिली तीच जातात.

सप्टेंबरच्या सुरुवातीला हळू विरघळणारं खत एकदा द्या. १०० चौरस मीटरला साधारण अर्धा किलो नत्र हा नेहमीचा डोस. पिशवीवरच्या तीन आकड्यांतला पहिला आकडा नत्राची टक्केवारी. २४ असेल तर १०० चौरस मीटरला सुमारे २ किलो खत. सर्व्हे इथे कामाला येतो: पूर्ण प्लॉट नाही, त्यातून घर, ड्राइव्हवे, डेक वजा करून उरलेलं लॉन. आपल्याकडच्या नव्या घरांत ते वाटतं त्यापेक्षा खूपच कमी निघतं, आणि लोक पूर्ण पिशवी रिकामी करतात.

ऑक्टोबरमध्ये दुकानं "विंटरायझर"ने, म्हणजे हिवाळ्याआधी द्यायच्या खताने, भरून जातात. गवताची वाढ पूर्ण थांबल्यावर, ते अजून हिरवं असताना खत देण्याची पद्धत इथे आहे आणि निरोगी लॉनवर ती चालतेही. पण ती नेमकी वेळ साधणं नव्या माणसाला कठीण, चार दिवस उबदार आले की गवत पुन्हा वाढायला लागतं. गेल्या वसंतात तुमच्याकडे बुरशी होती ना? मग माझं ऐका, हे वर्ष विंटरायझर सोडा. पोटॅश जास्त टाकल्याने बुरशी अडते असंही समजू नका.

९. शेवटची कापणी आणि पानं

"थंडी पडली, मोअर आत ठेवला" हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होतं, आणि गवत मात्र नोव्हेंबरपर्यंत वाढत राहतं. लांब गवत बर्फाच्या वजनाने आडवं पडतं, एकावर एक चिकटतं आणि मधली ओल बाहेर पडत नाही. वाढ थांबेपर्यंत कापत राहा. उन्हाळ्यात ७-८ सेंटीमीटर ठेवत असाल तर शेवटच्या दोन-तीन कापण्यांत हळूहळू ५-६ सेंटीमीटरवर या. एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त पाती कापू नका. अगदी जमिनीलगत भादरणंही चूक, मग गवताकडे हिवाळा काढायला काही उरत नाही.

पानांचं म्हणाल तर, मेपलची ओली पानं थराथराने लॉनवर राहिली की बर्फाआधीच बुरशीची सोय होते. थोडी असतील तर मोअर दोनदा फिरवून बारीक करा, ती मातीत मिसळून जातात. गवत झाकलं जात असेल तर उचला. शेजाऱ्याचं झाड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम गळतं आणि तुमच्याकडच्या यार्ड वेस्टच्या शेवटच्या गाडीची तारीख त्याच सुमाराला असू शकते, कॅलेंडर पुन्हा पाहा. मुलांची प्लास्टिकची खेळणी, ट्रॅम्पोलिनखालची ताडपत्री, पॅटिओच्या गाद्या लॉनवर सोडू नका.

१०. बर्फ कुठे टाकता ते ठरवा

ड्राइव्हवेचा बर्फ नेहमी एकाच कोपऱ्यात रचला जातो, कारण तिथे फेकायला सोपं. मग तो ढीग एप्रिलपर्यंत टिकतो आणि दर वर्षी डाग तिथेच पडतो. शक्य तितका बर्फ पसरून टाका, दोन्ही बाजूंना वाटून. स्नोब्लोअर असेल तर त्याचं तोंड फिरवत राहा. ज्या भागात मार्चमध्ये डाग होता तिकडे या वर्षी कमीत कमी बर्फ जाईल असं पाहा.

शिंपडलेलं मीठही त्याच बर्फाबरोबर लॉनवर जातं. आधी बर्फ उचला, मग मीठ टाका, आणि मूठभरच. कडेने गवत करपलेलं दिसलं तर वसंतात माती मोकळी झाल्यावर तिथे भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढा. या एका जागेपुरता चौथ्या पायरीतला पाणी न घालण्याचा नियम मोडायला हरकत नाही.

मुलांना बॅकयार्डात खेळू द्या. फक्त कुत्र्याची आणि कचऱ्याच्या डब्याकडे जायची वाट रोज एकाच रेषेत लॉनवरून जाऊ देऊ नका, दाबलेला बर्फ उशिरा वितळतो. मागे आइस रिंक करणार असाल तर त्याखालचं गवत वसंतात नव्याने पेरायचं आहे हे गृहीत धरा.

११. तिसऱ्या वर्षीही तिथेच डाग आला तर

इतकं करून एखादा कोपरा ऐकत नाही. बहुधा ती घराची उत्तरेकडची बाजू असते किंवा कुंपणालगतची सावली: ऊन पोचत नाही, बर्फ सगळ्यांत शेवटी जातो, माती जूनपर्यंत दमट. रोगाबद्दलच शंका असेल तर गेल्फ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना शुल्क भरून तपासून मिळतो. डागाच्या मधला तुकडा नको, निरोगी आणि आजारी गवताच्या सीमेवरचा, मुळांसकट तुकडा पाठवा. पूर्ण मेलेल्या गवतातून फारसं कळत नाही. त्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म आणि पाठवण्याची पद्धत वाचा, सोमवारी पाठवा म्हणजे शनिवार-रविवार नमुना टपालात कुजत पडणार नाही.

आणि शंका नसेल तर त्या पट्ट्यात ब्लूग्रासचा हट्ट सोडा. थोडं ऊन असेल तर सावली सोसणारं फाइन फेस्क्यूचं मिश्रण पेरून पाहा. अजिबात नसेल तर होस्टा लावा, किंवा खडी टाकून कचऱ्याचे डबे तिथे ठेवा.